साखरेचा खटला आणि आपले औद्योगिक धोरण

(श्रीरामपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



"जागतिक व्यापाराचे नियम आणि विकसनशील राष्ट्रांचे औद्योगिक धोरण" हे आजच्या व्याख्यानाचे शीर्षक फळ्यावर लिहिलेले पाहून आपल्यापैकी काहीजणांनी कपाळाला आठ्या घातल्या, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. हा विषय जिनिव्हातील वकिलांचा आणि दिल्लीतील सचिवांचा, त्याच्याशी प्रवरेच्या काठावरील कार्यकर्त्याला काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर प्रथम देतो. १४ डिसेंबर २०२१ रोजी जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या तीन पंचांनी एक निवाडा प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला हे तीन देश वादी होते आणि भारत प्रतिवादी. वादाचा विषय होता ऊस. या सभागृहापासून दोन-चार मैलांवर जो ऊस उभा आहे, त्याला कारखान्याने कोणता दर द्यावा हे भारत सरकारने ठरवणे जागतिक नियमांत बसते किंवा नाही, याचा तो निवाडा होता. तेव्हा हा विषय आपल्या बांधावर येऊन उभा आहे. आपण त्याच्याकडे पाहिले नाही म्हणून तो निघून जाणार नाही.

या प्रश्नावर आपल्या चळवळीत दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, १९९५ साली आपण या संघटनेत शिरलो तेव्हाच आपले स्वातंत्र्य गहाण पडले, आता बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे मत हल्ली आपल्यातील सुशिक्षितांनाही पटू लागलेले आहे. ते असे की, नियम झाले आहेत, शासनाने उद्योगांत हात घालण्याचे दिवस संपले, आता बाजार जे करील ते खरे. ही दोन्ही मते मला आळशीपणाची वाटतात. नियमांचा कागद न वाचताच एक त्याला फासाची दोरी समजते आणि दुसरे वेदवाक्य. मी तो कागद माझ्या कुवतीप्रमाणे वाचला आहे, आणि जे दिसले ते आपल्यासमोर ठेवतो.

प्रथम थोडा इतिहास, आणि तोही घरचाच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (कागदोपत्री नाव बदलले तरी बोलण्यात आपण नगरच म्हणणार) साखरेचा धंदा बाजाराच्या कृपेने आलेला नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. ते सरकारी पैशाने बांधलेले होते. हरिगावची बेलापूर कंपनी त्या कालव्यांच्या आधाराने उभी राहिली. तथापि जावा बेटावरून येणाऱ्या स्वस्त साखरेपुढे हिंदी साखरेचा टिकाव लागत नव्हता. शुल्क मंडळाच्या शिफारशीवरून १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, आयात साखरेवर जबर जकात बसली, आणि देशात तिसाच्या आसपास असलेली कारखान्यांची संख्या पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेली. टिळकनगरचा कारखाना त्याच लाटेतला. परकीय सत्तेच्या अमलाखालीही, शासनाने मनावर घेताच एक संपूर्ण उद्योग पाच वर्षांत कसा उभा राहतो, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे.

परंतु त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. १९३२ साली संरक्षण मिळाले ते भांडवलाला. उसाला किमान दर ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देणारा कायदा आला १९३४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. आणि ज्याने तो ऊस तोडला त्याच्यासाठी त्या वेळी कोणताच कायदा आला नाही. संरक्षणाच्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, हा क्रम तेव्हा लागला तो आजतागायत फारसा बदललेला नाही. याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर लोणीला जे घडले ते आपण सर्व जाणता, म्हणून विस्तार करीत नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहतांचे साहाय्य लाभले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याचे गाळप सुरू झाले. लोक या कथेत शेतकऱ्याच्या जिद्दीचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या जिद्दीमागे राज्य सरकारचे भागभांडवल होते, सार्वजनिक वित्तसंस्थेचे कर्ज होते, पुढे परवाने देताना सहकारी संस्थांना अग्रक्रम देण्याचे धोरण होते, आणि बाहेरच्या साखरेला वेशीवर अडवणारी जकात होती. गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पुण्याची गोखले संस्था सांभाळून लोणीला येत होता तो केवळ शेतकऱ्यांच्या प्रेमाने नव्हे. भांडवल नसलेल्या देशात उद्योग उभारणीचा एक निराळा मार्ग तो तेथे पाहत होता. आजच्या परिभाषेत यालाच औद्योगिक धोरण म्हणतात.

आणि हे पाप आपण एकट्यानेच केलेले नाही. युरोपातला बीटच्या साखरेचा धंदा नेपोलियनच्या नाकेबंदीतून जन्मला आणि सरकारी आश्रयाने वाढला. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप एवढी अनुदानित साखर जगात ओतत होता की ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी त्याच्यावर खटला भरला व २००५ साली तो जिंकला. ब्राझील आज आपल्याला अनुदानाचे दोष समजावून सांगतो. परंतु त्याचा ऊस-अल्कोहोलाचा प्रचंड कार्यक्रम १९७५ मध्ये लष्करी राजवटीने सरकारी पैशाने उभारला. अमेरिका आजही आयात साखरेला कोट्यात बांधून ठेवते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट याने १८४१ सालीच लिहून ठेवले होते की, जो शिडीने वर चढला तो वर गेल्यावर शिडी लाथाडतो. तो तेव्हा इंग्लंडविषयी लिहीत होता.

आता मूळ खटल्याकडे वळू. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यातील युक्तिवाद पुढे कांद्याच्या, कापसाच्या, कोणत्याही पिकाच्या बाबतीत येऊ शकतो. शेतीविषयक करारानुसार एखाद्या पिकाला शासनाने द्यावयाच्या आधाराची मर्यादा विकसनशील देशांसाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के आहे. पंचांनी म्हटले की, २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने उसाच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली. भारताने उत्तर दिले की, आम्ही उसाचे एक कांडेही विकत घेत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार आम्ही रास्त व किफायतशीर दर ठरवतो, तो शेतकऱ्याला चौदा दिवसांत देतो कारखाना. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही, मग अनुदान कसले? पंचांनी हा बचाव अमान्य केला. शासनाने दर बांधून दिला की तो किंमत-आधार झाला, पैसा कोणी दिला हा प्रश्न गौण, असे त्यांनी ठरवले.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. कारखानदार आणि शेतकरी यांच्या व्यवहारात दुर्बल पक्षाला किमान दराचे जे संरक्षण शासन देते, ते या नियमांच्या दृष्टीने व्यापारातील विकृती ठरते. उद्या हाच तर्क ताणला तर किमान वेतनाचा कायदासुद्धा अनुदान ठरेल! तसे अजून कोणी म्हटलेले नाही, पण तर्काची दिशा ती आहे.

दुसरी गोष्ट हिशोबाची. आधार किती दिला हे मोजताना आजचा सरकारी दर घ्यायचा, त्यातून एक बाह्य संदर्भ किंमत वजा करायची, आणि उरलेल्या फरकाला उत्पादनाने गुणायचे. ही संदर्भ किंमत कोणत्या काळची? १९८६ ते १९८८ या तीन वर्षांची, आणि ती कायमची गोठवलेली. त्या वर्षांत आपल्याकडे उसाचा वैधानिक किमान दर क्विंटलला वीस रुपयांच्या आतच होता. २०१८-१९ च्या हंगामात तो २७५ रुपये होता, २०२५-२६ साठी ३५५ रुपये ठरला. डिझेल, खत, मजुरी, वीज सारे वाढले, म्हणून दर वाढला. पण हिशोबात ही सगळी वाढ अनुदान म्हणून दिसते. आजोबांच्या काळच्या मापाने नातवाचा सदरा बेतावा आणि तो उसवला म्हणजे नातवाला दोष द्यावा, असा हा प्रकार आहे.

त्याहून मोठा अन्याय आकड्यांच्या मागे दडलेला आहे. करार झाला तेव्हा जे देश आपल्या शेतीला भरमसाट अनुदान देत होते, त्यांना ते काही प्रमाणात कमी करून उरलेले पुढे चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेचा हा हक्क वर्षाला १,९१० कोटी डॉलरचा आहे. ज्यांच्याकडे द्यायला त्या वेळी काही नव्हतेच, त्यांच्या वाट्याला फक्त ती १० टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे त्या वेळचे गरीब त्या वेळच्या गरिबीतच कायम राहावेत, अशी ही तरतूद झाली. नियम सर्वांना समान असतात असे म्हणणाऱ्यांनी हे कोष्टक एकदा जरूर पाहावे.

भारताने जानेवारी २०२२ मध्ये या निवाड्यावर अपील केले. परंतु अपिलाचे न्यायपीठ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेले, कारण अमेरिकेने नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका अडवून धरल्या. जेथे सुनावणीच व्हायची नाही अशा दारात आपला अर्ज ठेवला गेला. या योगायोगाने आपण निभावलो हे खरे. पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. ज्या अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या अनेक मालांवर एकूण ५० टक्क्यांची जकात लादली, तिच्यापुढे गाऱ्हाणे मांडायलाही हेच न्यायपीठ होते. कायद्याचे राज्य कोसळले म्हणजे दुर्बलाला मोकळीक मिळते, हा भ्रम आहे. गावात पंचायत उरली नाही तर पाटलाची काठी उरते.

या निवाड्याचा दुसरा भाग निर्यात अनुदानाचा आहे, आणि येथे मी आपल्यातील अनेकांशी असहमत आहे. साखर परदेशी जावी म्हणून वाहतुकीला, साठ्याला, उत्पादनाला ज्या मदतीच्या योजना केंद्राने काढल्या, त्या पंचांनी नियमबाह्य ठरवल्या. आपल्या जिल्ह्यात लगेच राष्ट्राभिमानाची भाषणे झाली. पण विचार करा. २०२१-२२ मध्ये देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. त्या साखरेबरोबर बाहेर गेले ते भंडारदऱ्याचे, मुळेचे आणि गोदावरीचे पाणी. ज्या पाण्यासाठी आपण आणि मराठवाडा २००५ च्या जलसंपत्ती कायद्याचा कीस काढत दर दुष्काळात न्यायालयात उभे राहतो, ते पाणी वर सरकारी पैसे देऊन परदेशी पाठवणे, हे कोणत्या समाजवादात बसते? पुढे २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि त्याच सरकारने निर्यात थांबवली. ब्राझीलचा हेतू स्वार्थी असेल, तथापि त्याने बोट ठेवलेली जागा दुखरीच आहे. निर्यातीच्या अनुदानाचा किल्ला लढवण्यात आपण आपली शक्ती खर्च करू नये. लढायचे ते दर ठरवण्याच्या हक्कासाठी.

मग नियमांत राहून काय करता येते? पुष्कळ करता येते, आणि आपण केलेलेही आहे. साखरेवर आपण जास्तीत जास्त १५० टक्क्यांपर्यंत जकात बसवू शकतो. २०१८ पासून आपली प्रत्यक्ष जकात आहे १०० टक्के. हे अंतर म्हणजे आपल्या हातातील हत्यार आहे. अनेक औद्योगिक वस्तूंत असे अंतर आपण करारांतून स्वतःच बुजवत चाललो आहोत, आणि त्याची चर्चासुद्धा होत नाही. दुधाचे उदाहरण घ्या, संगमनेर आणि राहुरीच्या मित्रांना ते जवळचे वाटेल. दुधाच्या भुकटीवर शून्य जकातीचे बंधन आपण जुन्या काळी पत्करून बसलो होतो. ते बदलून घेण्याची वाट कराराच्या अठ्ठाविसाव्या कलमात होती. त्या वाटेने जाऊन, मोबदला देऊन, शतक संपता संपता भारताने ते बंधन बदलून घेतले: दहा हजार टनांपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ६० टक्के. ही वाटाघाट झाली नसती तर न्यूझीलंडची भुकटी आपल्या दूधसंघांना कधीच पुरून उरली असती. नोव्हेंबर २०१९ मध्ये आशियाई प्रादेशिक करारातून भारत बाहेर राहिला त्यातही दूध उत्पादकांच्या विरोधाचा वाटा होता. म्हणजे संघटित दबाव जिनिव्हापर्यंत पोचतो.

कारखानदारीत मात्र दारे अधिक घट्ट लागलेली आहेत. आपल्या नगरच्या औद्योगिक वसाहतीत कुंदनमल फिरोदियांचे पुत्र हस्तिमल यांनी सत्तरीच्या दशकात 'लुना' बनवायला घेतली, तेव्हा मूळ नमुना इटालियन होता. पण सुटे भाग हळूहळू इथेच बनले पाहिजेत असे धोरण होते, आणि त्यातून नगर-पुण्याच्या परिसरात लहान कारखानदार आणि कुशल कामगार यांची एक पिढी घडली. अशी देशी भागांची सक्ती आज करता येत नाही. १९९७ मध्ये आपण मोटार कंपन्यांवर ती घातली, अमेरिका आणि युरोप यांनी दावा लावला, २००१ मध्ये आपण हरलो. सौर विजेच्या बाबतीत तीच कथा: देशी पट्ट्या वापरण्याची अट २०१६ मध्ये अपिलातही नियमबाह्य ठरली. त्याच अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात स्वदेशी माल वापरणाऱ्या वीजप्रकल्पांना जादा करसवलत दिली हे सांगायला नकोच.

तरीही एक मोठे दार उघडे आहे, ते शासकीय खरेदीचे. त्या विषयीच्या स्वतंत्र करारावर भारताने सही केलेली नाही. सौर खटल्यात आपला बचाव फसला तो सरकार वीज विकत घेत होते आणि अट मात्र पट्ट्यांवर होती म्हणून. शासन स्वतःच्या वापरासाठी जो माल थेट घेते, एसटीच्या गाड्या, पाणीपुरवठ्याचे पंप, शाळांची बाके, दवाखान्यांची यंत्रे, त्यात देशी मालाला अग्रक्रम देता येतो. दुसरे दार संशोधनाचे. संशोधन, कृषिविस्तार, रोगनियंत्रण यांवरील खर्चाला शेती कराराने मर्यादाच घातलेली नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांवर शासनाने दसपट खर्च केला तरी ब्राझीलला तोंड उघडता येणार नाही. कमी पाण्यात येणारा ऊस, बेण्याची शुद्धता, मळीपासून पुढची रसायने, हे सारे नियमांच्या आत आहे. तेथे पैसा जात नाही यास जिनिव्हा जबाबदार नाही, मुंबई आणि दिल्ली जबाबदार आहेत.

आणि आता कटू भाग. दक्षिण कोरियाने आपल्या उद्योगांना जेवढे संरक्षण दिले तेवढे आपणही दिले होते. भेद इतकाच की, तेथे सवलत घेणाऱ्या कारखान्याला निर्यातीचे, दर्जाचे लक्ष्य दिले जाई आणि ते चुकले तर सवलत जाई. आपल्याकडे सवलत ही जहागीर झाली. सहकारी कारखान्याला भागभांडवल, हमी, कर्जमाफी हे सर्व मिळत गेले. सभासदाला वजनकाटा, उतारा, उपपदार्थांचे उत्पन्न यांचा खरा हिशोब मिळाला काय? सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले कित्येक कारखाने आजारी पडले आणि खासगी मालकांच्या हाती गेले, हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले. दिल्लीचा धरसोडपणाही कमी नाही. इथेनॉल करा म्हणून कारखान्यांना कर्जे काढायला लावली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एका आदेशाने बंदी घातली. आठवडाभराने थोडी सैल केली, पुढील वर्षी ऑगस्टमध्ये उठवली. याला कोणी धोरण म्हणत असेल तर म्हणो.

सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवले होते की, साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाचा मानावा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये तसा कायदाही केला. मला वाटते, दिल्लीचा किमान दर कायम राखून या वाटणीच्या सूत्राचा आग्रह आपण धरावा. उत्पन्नाच्या वाट्यावर चाललेला दर हा सरकारने बांधलेला दर नव्हे, असे जिनिव्हातही सांगता येईल, आणि त्यासाठी कारखान्याला आपली वही उघडावी लागेल. हा दुसरा लाभ मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

राहिला तो रांगेत शेवटी उभा असलेला. पाथर्डी, शेवगाव आणि बीडच्या तालुक्यांतून दर दिवाळीनंतर जी कुटुंबे कोयता घेऊन निघतात, नवरा-बायको मिळून ज्यांना हिशोबात 'एक कोयता' म्हणतात, त्यांचा उल्लेख त्या जिनिव्हाच्या निवाड्याच्या हिशोबात कोठेही येत नाही, आणि आपल्या सरकारच्या बचावातही नाही. त्यांची मजुरी मुकादमाच्या उचलीतून फिरते. जानेवारी २०२४ मध्ये संप आणि वाटाघाटींनंतर तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली, पण ती कायद्याने नव्हे, करारनाम्याने. त्याच सुमारास तोडणी यंत्रांना ४० टक्क्यांपर्यंत सरकारी अनुदान देण्याची योजना आली. यंत्राला माझा विरोध नाही. वाकून वाकून कंबर मोडलेल्या बाईला विचारा, तिचाही नसेल. पण यंत्रासाठी पैसा आहे आणि यंत्राने ज्यांचे काम जाणार त्यांच्या नव्या शिक्षणासाठी, घरासाठी, मुलांच्या शाळेसाठी नाही, हे औद्योगिक धोरणच आहे, फक्त ते एका वर्गाचे आहे. अशा खर्चाला जागतिक व्यापाराचा कोणताही नियम आड येत नाही.

पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपापल्या कारखान्याचा गेल्या पाच वर्षांचा वार्षिक अहवाल बरोबर आणावा. सभासदाला तो मागण्याचा हक्क आहे. नाही म्हणाले तर नकार लेखी घ्यावा. डिस्टिलरी आणि वीज यांचे उत्पन्न कोणत्या पानावर आहे, तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून किती कापला आणि त्यातला मजुराच्या हाती किती पडला, एवढे तीन आकडे काढून ठेवा. त्यावरून आपण तालुकावार टिपण करू आणि साखर आयुक्तांकडे नेऊ.